पायाला बांधलेली चिठ्ठी

मराठवाड्यातल्या जुन्या देशमुखी-पाटीलकीच्या वाड्यात शिरलं, की ढेलजेत नाहीतर दिवाणखान्याच्या चौकटीवर काळविटाची शिंगं हमखास दिसतात. पिळदार जोडी, खाली लाकडी पाटी, आणि भिंतीला चुना देताना वर्षानुवर्षं उडालेले पांढरे शिंतोडे. घरात कुणालाही विचारा, “आजोबांच्या काळातली आहेत” यापलीकडे उत्तर येत नाही. कोणत्या शिवारातलं जनावर, कोणत्या साली मारलं, एकटं होतं की कळपातलं, हे सगळं त्या आजोबांबरोबर गेलं. शिंगं उरली आणि त्यांची हकिकत हरवली.

राजेरजवाड्यांच्या प्राणिसंग्रहांकडे कसं बघावं हे या शिंगांपासूनच कळायला लागतं. कोल्हापूरच्या न्यू पॅलेसमधलं शहाजी छत्रपती वस्तुसंग्रहालय घ्या, नाहीतर सयाजीराव गायकवाडांनी १८९४ साली बडोद्यात उभं केलेलं संग्रहालय. दोन्हीकडे मराठी राजघराण्यांनी जमवलेला प्राणिसृष्टीचा ऐवज आहे. कोल्हापुरात पेंढा भरलेले वाघ आणि गवे, बडोद्यात निळ्या देवमाशाचा अख्खा सांगाडा. लातूर-धाराशिवकडून सहली निघतात, पोरं वाघाजवळ उभी राहून फोटो काढतात आणि तासाभरात दालन संपतं. त्या तासात वाघाकडे बघून होतं, पण त्याच्या पायाशी असलेल्या पाटीकडे फार थोड्यांचं लक्ष जातं. खरं तर आधी पाटी वाचावी, मग वाघ बघावा.

आता वाघाचंच बघू. “पेंढा भरलेला” हा आपला रूढ शब्द आहे, पण चांगल्या कारागिराच्या वाघात पेंढा नसतोच. म्हैसूरला व्हॅन इंगेन कुटुंबाचा कारखाना विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून १९९९ पर्यंत चालला आणि देशभरच्या संस्थानिकांची कातडी तिथे जात. त्यांचे वाघ आतून कागदाच्या लगद्याचे असत. ठरावीक मापांच्या साच्यांतून पोकळ धड काढायचं, त्यातलं जवळच्या मापाचं निवडायचं आणि त्यावर कमावलेलं कातडं चढवायचं. म्हणून एकाच संग्रहातले दोन वाघ कधीकधी जुळ्या भावांसारखे उभे दिसतात. अंगावरचे पट्टे वेगळे, पण खांद्याची ठेवण आणि पाय टाकण्याची लकब तीच.

हे काम बिघडतं ते बहुतेक वेळा पहिल्या काही तासांतच. जनावर पडलं की चामडी लगेच सोलावी लागते. आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या उन्हात दुपारपर्यंत थांबलं, तर जिवाणू केसांच्या मुळाशी पोचतात आणि पुढे कमावताना केस पुंजक्यानं सुटतात. आधी पोट जातं, मग कान, मग ओठ. सोललेल्या कातड्याला त्याच्या वजनाएवढं मीठ आतल्या बाजूनं चोळतात. पाणी सुटलं की ते मीठ झटकून दुसरा हात देतात. ओठ चिरून आतून उलगडावे लागतात, कान हातमोज्यासारखे उलटे करावे लागतात आणि पंजाच्या गादीतलं मांस काढावं लागतं. इथे आळस झाला, तर वीस वर्षांनी नेमका तिथंच तडा जातो. मग तुरटी-मिठाच्या पाण्यात मुरवण, नंतर आतून तासून पातळ करणं, आणि शेवटी धडावर चढवून पोटाच्या बाजूनं शिवण. म्हणून जुन्या वाघाचा कस पाहायचा असेल तर खाली वाकून पोटाची शिवण बघावी, मग ओठांच्या कडा आणि कानांची टोकं.

डोळेही नीट बघावेत. वाघाची बाहुली गोल असते, मांजरीसारखी उभी फट नव्हे. काचेचे डोळे तेव्हा परदेशातून येत. हाताशी होते ते बसवले, असं अनेक ठिकाणी झालंय आणि मग एवढा मोठा वाघ मोठ्या बोक्यासारखा बघत राहतो. उघडा जबडा, मुरडलेलं नाक आणि बाहेर काढलेले सुळे तर जवळजवळ प्रत्येक राजवाड्यात सापडतील. जंगलातला वाघ दिवसातला बराच वेळ निवांत पडून असतो. तो आवेश वाघाचा नसून शिकार मिरवणाऱ्याच्या मागणीचा आहे, आणि मला तो खटकतो. एवढी मेहनत केलेल्या कारागिराला शांत वाघ उभा करायची मोकळीक मिळायला हवी होती.

पाटीवर लांबी दिली असेल तर “दहा फुटी” वाघ कशावरून मोजला हे विचारावं. मोजण्याच्या दोन पद्धती होत्या. मेलेल्या वाघाला सरळ ताणून नाकाशी एक खुंटी आणि शेपटीच्या टोकाशी दुसरी ठोकायची, आणि त्या दोहोंतलं अंतर मोजायचं. दुसरी म्हणजे फीत नाकापासून डोक्यावरून, पाठीच्या वळणावरून शेपटीच्या टोकापर्यंत फिरवायची. दुसऱ्या मापात सहज चार-पाच इंच वाढतात. कोणत्या पद्धतीनं मोजलं ते लिहिलेलं नसेल तर आकडा शोभेचा समजावा.

मात्र हात लावू नये. “जुनं आहे, फाटेल” एवढ्यासाठीच नव्हे, तर सोमलासाठी, म्हणजे आर्सेनिकच्या विषासाठी. अठराव्या शतकात मेट्झच्या बेकूर नावाच्या फ्रेंच औषधविक्यानं सोमल, साबण, कापूर, चुना आणि पोटॅशचा क्षार यांचं मिश्रण काढलं आणि ते जगभर कातड्याला आतून चोळलं गेलं. किडीपासून बचाव करायला यासारखं दुसरं काही नव्हतं. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत ते वापरात होतं. सोमल उडून जात नाही की जुना होऊन निवत नाही. शिवणीतून, कानाच्या बुडातून तो पांढऱ्या पुडीसारखा बाहेर येतो, आणि कधी डोळ्यांना दिसतही नाही. शेपटी ओढून बघणाऱ्या पोरानं त्याच हातानं चिवडा खाल्ला तर काय होईल, हे बरोबर आलेल्या शिक्षकांनी आत शिरण्याआधीच सांगावं, आणि बाहेर आल्यावर हात साबणानं धुवायला लावावेत.

एवढी काळजी घेऊनही कीड लागतेच. केसाळ अळी असलेले बारके भुंगे आणि लोकर खाणारी कसर हे या दालनांचे खरे शत्रू. त्यांची चाहूल वाघाच्या अंगावर नाही, त्याच्या पायाखाली लागते. चौथऱ्यावर बारीक तपकिरी भुकटी, अळीची टाकलेली कात, केसांचा छोटासा पुंजका. सकाळी झाडू मारणाऱ्या माणसाला हे सगळ्यात आधी दिसतं. म्हणून कपाटाची जबाबदारी ज्याच्याकडे असेल त्यानं झाडलोट करणाऱ्याला सांगून ठेवावं: अशी भुकटी दिसली तर झाडायच्या आधी मला बोलवा. डांबरगोळ्यांनी फक्त वास पसरतो, आत शिरलेली अळी मरत नाही. लहान नग असेल तर पॉलिथिनच्या पिशवीत हवाबंद करून उणे वीस अंशांवर किमान आठवडाभर ठेवतात, मधे एकदा बाहेर काढून पुन्हा ठेवतात. यात एक चूक नेहमी होते. गोठवलेला नग बाहेर काढल्या काढल्या पिशवी उघडली जाते. थंड कातड्यावर लगेच दव धरतं आणि किडीच्या जागी बुरशी येते. नग खोलीच्या तापमानाला येईपर्यंत पिशवी बंदच हवी.

मराठवाड्यात असं एखादं दालन उभं करायचं झालं तर हवामान स्वतंत्र ध्यानात घ्यावं लागेल. कोकणात बारमाही दमट, इथे तसं नाही. मे महिन्यात चाळीस-बेचाळीस अंश, हवा करकरीत कोरडी. कातडं आकसतं, पण आतलं धड आकसत नाही, त्यामुळे नाक, ओठ, बोटांच्या मधल्या फटी उलतात. पंधरा दिवसांत मृग लागतो आणि तेच कातडं ओल धरून फुगतं. दरवर्षी हा ताण-ढील होत राहिला की शिवण सुटते. नुसती थंडी राखून भागत नाही, ओलावा स्थिर ठेवणं महत्त्वाचं, साधारण पंचेचाळीस ते पंचावन्न टक्के. आपल्या जुन्या वाड्यांच्या दोन-तीन फुटी पांढऱ्या मातीच्या भिंती ही चढउतार मुळातच बऱ्याच अडवतात. उन्हाचंही तसंच. खिडकीकडची कूस फिक्या गवताच्या रंगाची झालेली आणि भिंतीकडची अजून तांबूस, असे कितीतरी वाघ आहेत. उडालेला रंग कोणताही उपाय परत आणत नाही.

बडोद्याच्या देवमाशाची गोष्ट वेगळी. हाडांना कसर लागत नाही, पण देवमाशाच्या हाडांत तेल असतं आणि ते वर्षानुवर्षं झिरपत राहतं. त्यावर धूळ बसली की काळा चिकट थर होतो. एवढं मोठं हाड स्वच्छ ठेवायला काय लागत असेल, हा विचार त्याच्याखाली उभं राहून जरूर करावा.

पण वाघ, गवा, देवमासा हे दर्शनी. संग्रहालयाचा जीव आतल्या खणांत असतो. तिथे पक्षी उभे नसतात, उताणे झोपलेले असतात. पंख मिटलेले, डोळ्यांत पांढरा कापूस, पाय एकावर एक. छातीच्या हाडापासून खाली एक चीर देऊन आतलं अंग काढलेलं असतं. कवटी, पंखाची आणि पायाची हाडं तेवढी ठेवलेली. डोक्यापासून शेपटीपर्यंत एक काडी, भोवती कापूस. बघायला ओबडधोबड, पण एका खणात शंभर मावतात आणि रंग-माप तुलनेनं सहज बघता येतं. आणि प्रत्येकाच्या पायाला दोऱ्यानं बांधलेली एक छोटी चिठ्ठी: जागा, तारीख, नर की मादी, कुणी मिळवला.

ही चिठ्ठी नसेल तर तो पक्षी नुसती पिसं आहे. चिठ्ठी खोटी असेल तर त्याहून वाईट, आणि याचा पुरावा आपल्या शेजारच्या खानदेशात आहे. रानपिंगळा नावाचं लहानसं घुबड १८८०च्या दशकानंतर खात्रीनं कुणाला सापडलं नव्हतं. अपवाद एकच: रिचर्ड माइनर्ट्‌झहागेन या श्रीमंत घराण्यातल्या इंग्रज कर्नलच्या संग्रहातला एक पक्षी, चिठ्ठीवर १९१४ साल आणि जागा गुजरातेतली. त्या चिठ्ठीवर भरवसा ठेवून गुजरातेत शोध घेतला गेला, हाती काही लागलं नाही. पुढे अमेरिकी पक्षितज्ज्ञ पामेला रासमुसेन यांनी तो पक्षी क्ष-किरणांखाली घेतला, तयार करण्याची धाटणी तपासली आणि दाखवून दिलं, की तो जेम्स डेव्हिडसन या अधिकाऱ्यानं एकोणिसाव्या शतकात खानदेशात मिळवलेला पक्षी होता. कर्नलनं तो ब्रिटिश संग्रहालयातून चोरून, नव्यानं भरून, नवी चिठ्ठी लावली होती. खोटी जागा बाजूला झाल्यावर शोध जुन्या, खऱ्या चिठ्ठ्यांवरच्या गावांकडे वळला. नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळच्या जंगलात रानपिंगळा जिवंत दिसला. शंभराहून अधिक वर्षांनी.

ब्रिटनच्या राष्ट्रीय संग्रहातले पक्षी आज ज्या ट्रिंग गावात ठेवलेत, तिथलं संग्रहालय मुळात वॉल्टर रोथशिल्ड या उमराव सावकारपुत्राचं. १८९२ साली त्यानं ते लोकांना खुलं केलं आणि १९३७ साली त्याच्या मृत्यूनंतर ते राष्ट्राला मिळालं. पैशाच्या अडचणीत त्यानं त्याआधी सुमारे २,८०,००० पक्ष्यांची कातडी न्यूयॉर्कच्या संग्रहालयाला विकली. इतका मोठा ऐवज समुद्रापार गेला, तरी अभ्यासाचं फार बिघडलं नाही, कारण चिठ्ठ्या पायाला बांधलेल्याच होत्या. उमरावांच्या हौसेतून असं भलतंच काही निघतं कधीकधी. इंग्लंडात अंडी गोळा करणं हा तर बड्या घरांचा खेळ होता, आणि तो क्रूरही होता. पण त्या अंड्यांवर साल लिहिलेलं होतं म्हणूनच डेरेक रॅटक्लिफ या ब्रिटिश निसर्गशास्त्रज्ञांना १९६७ साली दाखवता आलं, की डीडीटी हे कीटकनाशक शेतात आल्यापासून शिकारी पक्ष्यांच्या अंड्यांची कवचं पातळ झाली.

चित्त्याचं उदाहरण तर आपल्या अगदी घरचं. काळवीट मारायला चित्ता पाळायची चाल कोल्हापूरसारख्या संस्थानांत होती. डोळ्यांवर टोपी घालून चित्ता गाडीवरून माळावर न्यायचा, कळप दिसला की टोपी काढायची. पण हिंदुस्थानातले चित्ते संपत आले तसे आफ्रिकेतून आणावे लागले. १९१८ ते १९४५ या काळात किमान दोनशे तरी आले. इथल्या रानातले शेवटचे तीन म्हणून नोंदले गेलेले चित्ते १९४७ साली कोरिया या आजच्या छत्तीसगडातल्या संस्थानाच्या महाराजांनी मारले, आणि १९५२ साली चित्ता देशातून नाहीसा झाल्याचं जाहीर झालं. त्यामुळे एखाद्या राजवाड्यात पेंढा भरलेला चित्ता दिसला, तर तो इथल्या माळरानाचा की केनियातून बोटीनं आलेला, हे नुसतं बघून सांगता येत नाही. डोळ्यापासून ओठापर्यंत उतरलेली काळी रेघ दोघांनाही, भरीव ठिपके दोघांनाही. डीएनए तपासला तर कळेल, नाहीतर चिठ्ठीवर साल आणि जागा हवी. आणि कित्येक पाट्यांवर तर मुळात बिबट्यालाच चित्ता लिहिलेलं असतं. ठिपके पोकळ, फुलासारखे असले की तो बिबट्या. पाटी काही म्हणो.

मराठवाड्यातल्या वाचकानं हे लक्षात ठेवायला आणखी एक कारण आहे. आपला मुलूख १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. त्या दरबारात शिकारीचा थाट मोठा. सहावे निजाम महबूब अली खान यांच्या वाघांच्या शिकारी तर प्रसिद्धच होत्या. पण त्याच संस्थानानं १९३१-३२ मध्ये सलीम अलींना संस्थानभर फिरून पक्ष्यांची पाहणी करायला आर्थिक मदत केली. तेव्हाच्या संस्थानात आपले औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड, उस्मानाबाद हे पाचही जिल्हे होते. ती पाहणी बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात छापून आली. १८८३ साली ही संस्था ज्या आठ जणांनी काढली त्यांत डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन हे दोन मराठी डॉक्टर होते, हेही आपण विसरतो. एकाच दरबारात हौसेची शिकारही होती आणि नोंदींचा अभ्यासही. आज आपल्या कामाला दुसरं येतं.

त्या काळच्या चिठ्ठ्या वाचायलाही थोडी तयारी लागते. गावांची नावं बदललीत. ‘मोमिनाबाद’ म्हणजे अंबाजोगाई. ‘नळदुर्ग जिल्हा’ म्हणजे नंतरचा उस्मानाबाद, आजचा धाराशिव. आणि साल फसली, म्हणजे निजामाच्या महसुली कालगणनेतलं असेल, तर त्यात ५९० मिळवायचे: १३५० फसली म्हणजे १९४०-४१. निजामाच्या राज्यातली जमिनीची जुनी कागदपत्रं ज्यांनी हाताळलीत, त्यांना हा हिशेब पाठ असतो. प्राणिशास्त्राच्या पदवीधराला नसतो. असे दोघं एका टेबलाशी बसले, तर जुन्या खणातल्या कित्येक चिठ्ठ्या उलगडतील.

आता परत वाड्यातल्या शिंगांकडे. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार ती घरात ठेवायला मालकीचा दाखला लागतो. नोंदणी राहिलेल्यांसाठी २००३ साली १८० दिवसांची सवलत होती, ती मुदत संपली. विकता येत नाहीत, वारशानंच पुढे जातात. २०२२च्या दुरुस्तीनं स्वेच्छेनं वनखात्याकडे सोपवायची सोय केली आहे. दाखला आहे की नाही हे आधी कपाटात हुडकावं. नसेल तर गुपचूप माळ्यावर टाकणं किंवा जाळणं हा मार्ग नव्हे, जवळच्या वनाधिकाऱ्याला विचारावं.

दाखला असो वा नसो, चिठ्ठी आजच लिहावी, कारण वाड्यातलं शेवटचं ऐंशी-नव्वदीतलं माणूस अजून आहे तोवरच ती लिहिता येते. कागद जाड, हातकागद असला तर उत्तम. पेन्सिल, किंवा फिकी न पडणारी काळी शाई. बॉलपेनची शाई उडते, चिकटपट्टी पिवळी पडून कागद खाते, रबर वितळून शिंगाला चिकटतं, लोखंडी तार गंजते. साधा सुती दोरा पुरे. आधी गाव, तालुका, जिल्हा. मग साल, नक्की नसेल तर ‘अंदाजे’. मग कुणी आणलं. आणि शेवटी ही माहिती कुणी, केव्हा सांगितली. ऐकीव असेल तर ‘ऐकीव’ असंच लिहावं. नदी, माळ, गायरान, जे आठवत असेल ते. “तेव्हा त्या माळावर माळढोकही असायचे” असं आजी म्हणाली तर तेही लिहून ठेवावं. आज देशभरात ते दीडशेच्या आत उरलेत.

चिठ्ठी एवढीच असेल: काळवीट, नर. मोमिनाबादच्या पश्चिमेचा माळ. अंदाजे १३५० फसली. थोरल्या आजोबांनी आणलं. धाकट्या सुनेनं सांगितलं, ऐकीव. कळप मोठा होता म्हणतात.